लिव्हरमध्ये पू झाला आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यकृतातल्या जिवाणूजन्य गळवाबद्दल, म्हणजे लिव्हर ॲबसेसबद्दल, रुग्ण आणि त्यांच्या घरचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. औषधांचे डोस प्रौढांसाठीचे आहेत आणि चिठ्ठीवर काय लिहिलंय ते समजावं एवढ्यासाठीच दिले आहेत. किडनी, वजन आणि कल्चरचा (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट पाहून ते बदलतात, म्हणून स्वतःहून काही सुरू करू नका. पुढच्यापैकी काही दिसलं तर वाचत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा: थंडी वाजून ताप आणि सोबत ग्लानी, लघवी कमी होणं, श्वास लागणं, अचानक सगळं पोट दुखून कडक होणं, किंवा नजर धूसर होणं.

१. लिव्हरमध्ये पू झाला म्हणजे नक्की काय झालं?

जंतू यकृतात पोचले, तिथल्या पेशी मेल्या आणि त्या जागी पुवाने भरलेली पोकळी तयार झाली. ती एकच मोठी असू शकते किंवा लहान लहान अनेक. बहुतेक वेळा ती उजव्या भागात सापडते, कारण तो भाग मोठा आहे आणि आतड्याकडून येणारं रक्तही तिकडे जास्त जातं. उपचार न केल्यास हा आजार जवळजवळ नेहमी जीवघेणा ठरतो. वेळेवर उपचार मिळाले तर बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात आणि यकृत ती जागा स्वतः भरून काढतं.

२. पण जंतू तिथपर्यंत गेले कसे? बाहेरून तर काहीच लागलं नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि डिस्चार्जच्या घाईत नेमका तोच राहून जातो. पू काढला, ताप गेला, पण जंतू ज्या वाटेने आले ती वाट उघडीच राहिली तर गळू परत होऊ शकतं.

आज सगळ्यात जास्त वेळा ही वाट पित्तनलिकेची असते. नळीत खडा अडकतो, ती अरुंद होते, गाठीमुळे दबते किंवा नळी उघडी राहावी म्हणून आत टाकलेला जुना स्टेंट तुंबतो. मग पित्त साचतं, त्यात जंतू वाढतात आणि नळ्यांमधून उलटे यकृतात चढतात. अशा वेळी गळवं अनेक असतात आणि सोबत कावीळ असू शकते. पित्तनलिका आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन पूर्वी झालं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कितीही जुनं असलं तरी.

दुसरी वाट पोर्टल शिरेची. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश रक्त या शिरेतून, आतड्यांकडून येतं. अपेंडिक्स फुटलेलं असेल, मोठ्या आतड्याला सूज किंवा गाठ असेल, तर तिथले जंतू याच रक्ताबरोबर वर येतात. अँटिबायोटिक येण्याआधीच्या काळात अपेंडिक्स हेच मुख्य कारण होतं.

हृदयाच्या झडपेवरचा, त्वचेवरचा किंवा दातांच्या मुळाचा संसर्ग धमनीतून येऊ शकतो. पोटाला मार लागणं, यकृतातल्या गाठीवर केलेले उपचार, शेजारच्या पित्ताशयाचा फुटलेला संसर्ग ही आणखी काही कारणं. एवढं शोधूनही काही रुग्णांत कारण सापडत नाही. त्यांच्यासाठी प्रश्न १४ पाहा.

३. शेजारच्याला अमिबाचं गळू होतं आणि तो गोळ्यांवर बरा झाला. आमच्याकडे नळी टाकायची म्हणतात. दोन्ही आजार एकच ना?

नाही. आपल्याकडे दोन्ही दिसतात, म्हणूनच घोळ होतो. अमिबाचं गळू एन्टामिबा हिस्टोलिटिका या परजीवीमुळे होतं. तो दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातो. रुग्ण बहुधा तरुण किंवा मध्यमवयीन पुरुष असतो, गळू बहुधा एकच आणि उजव्या बाजूला, पू चॉकलेटी आणि फारसा वास नसलेला. जिवाणूंचं गळू जास्त करून पन्नाशीपुढच्या, मधुमेही किंवा पित्ताचा त्रास असलेल्या माणसात दिसतं. पू पिवळा-हिरवट असतो, आणि हवेशिवाय वाढणारे जंतू असतील तर घाण वास येतो.

हे सगळं ‘बहुधा’ आहे. नुसत्या सोनोग्राफीवर दोन्हींत फरक करता येत नाही. रक्तातली अमिबाची अँटिबॉडी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते आणि जुन्या संसर्गामुळे पॉझिटिव्हही राहू शकते. पुवात अमिबा क्वचितच दिसतो, कारण तो पोकळीच्या कडेला असतो. शिवाय अमिबाच्या गळवात वरून जिवाणूंचा संसर्गही होतो.

म्हणून निदान पक्कं होईपर्यंत दोन्हींवर चालेल असे उपचार करतात: सेफ्ट्रियाक्सोनसारखं इंजेक्शन आणि मेट्रोनिडॅझोल. मेट्रोनिडॅझोल अमिबालाही मारतं आणि हवेशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंनाही. अमिबा असेल तर या औषधाने तीन ते पाच दिवसांत ताप आणि दुखणं स्पष्ट कमी होतं, म्हणूनच शेजाऱ्याचं काम गोळ्यांवर भागलं. त्याचा कोर्स साधारण ७ ते १० दिवसांचा असतो. त्यानंतर आतड्यातला अमिबा मारण्यासाठी वेगळं औषध, उदाहरणार्थ डायलोक्सनाइड फ्युरोएट ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा १० दिवस, घ्यावं लागतं. हा दुसरा भाग फार जण सोडून देतात.

४. कावीळ नाही, पोटही फार दुखत नाही. मग लिव्हरचा आजार कसा?

कावीळ प्रामुख्याने पित्तनलिका अडलेली असेल तेव्हा होते. या आजाराचं नेहमीचं रूप म्हणजे थंडी वाजून येणारा ताप, घाम, भूक मरणं, वजन उतरणं आणि उजव्या बरगडीखाली जडपणा. गळू वरच्या बाजूला, छाती आणि पोटामधल्या पडद्याजवळ असेल तर उजवा खांदा दुखतो, कोरडा खोकला किंवा उचकी लागते, आणि छातीच्या एक्स-रेत उजवीकडे पाणी दिसतं. तेवढ्यावरून न्यूमोनिया समजून उपचार सुरू होतात. वयस्कर आणि मधुमेही रुग्णांत फक्त अशक्तपणा आणि बारीक ताप एवढंच असू शकतं. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइडचे रिपोर्ट निगेटिव्ह आले आणि ताप आठवडाभर हटत नसेल, तर पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी.

५. कोणकोणत्या तपासण्या लागतात?

अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी दोन वेगवेगळ्या जागांहून ब्लड कल्चर घेतलं गेलं पाहिजे. साधारण निम्म्या रुग्णांत ते पॉझिटिव्ह येतं आणि मग औषध नेमकं निवडता येतं. रुग्ण शॉकमध्ये असेल तर मात्र कल्चरसाठी औषध थांबवत नाहीत.

रक्तात पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) वाढलेले, यकृताचं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम वाढलेलं आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी असतं. एसजीपीटी हे यकृताचं दुसरं एन्झाइम जवळजवळ नॉर्मल असलं तरी गळू नाही असं म्हणता येत नाही. साखर आणि एचबीए१सी सगळ्यांचं तपासावं, कारण अनेकांना मधुमेह असल्याचं याच आजारात पहिल्यांदा कळतं. पू काढायची नळी टाकण्याआधी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा), प्लेटलेट आणि किडनीसाठी क्रिएटिनिन लागतं.

सोनोग्राफीने बहुतेक गळवं सापडतात, पण पडद्याखालचं किंवा अगदी लहान गळू सुटू शकतं. कॉन्ट्रास्ट सीटी जास्त खात्रीचं. त्यात पोकळ्या किती, पोर्टल शिरेत गुठळी आहे का आणि अपेंडिक्स, आतडं, पित्तनलिका यांत काय चाललंय, हे सगळं एकाच वेळी दिसतं.

पू काढला की तो बंद सिरिंजमध्ये किंवा निर्जंतुक डबीत लगेच लॅबला गेला पाहिजे. कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना कामाचा नसतो. नमुना टेबलवर पडून राहिला किंवा त्याला हवा लागली तर हवेशिवाय वाढणारे जंतू मरतात आणि रिपोर्ट खोटा ‘निगेटिव्ह’ येतो.

६. अँटिबायोटिक कोणतं आणि किती दिवस? ताप गेल्यावर बंद केलं तर चालेल?

चालणार नाही. एकूण कोर्स बहुधा ४ ते ६ आठवड्यांचा असतो. पू पूर्ण निघाला असेल आणि प्रतिसाद चांगला असेल तर तो ४ आठवड्यांकडे झुकतो, अनेक गळवं असतील किंवा पू काढताच आला नसेल तर ६ कडे. ताप पहिल्याच आठवड्यात जातो, पण पोकळीच्या भिंतीत जंतू उरलेले असतात आणि तिथे औषध हळूहळूच पोचतं.

सुरुवातीला सेफ्ट्रियाक्सोन २ ग्रॅम दिवसातून एकदा आणि मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम दर ८ तासांनी शिरेतून, किंवा पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम दर ६ ते ८ तासांनी. रुग्ण गंभीर असेल किंवा औषधांना न जुमानणारा जंतू असण्याची शक्यता असेल तर मेरोपेनेम १ ग्रॅम दर ८ तासांनी. आपल्याकडच्या ई. कोलाय आणि क्लेब्सिएला या जंतूंमध्ये ईएसबीएल नावाचं, अँटिबायोटिक मोडणारं एन्झाइम खूप आढळतं. ते असेल तर सेफ्ट्रियाक्सोन निकामी ठरतं. म्हणून कल्चर रिपोर्टमधल्या औषधांपुढची एस (औषध चालतं) आणि आर (चालत नाही) ही अक्षरं पाहून औषध बदललं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

ताप उतरला, पू निघाला, सीआरपी घसरू लागलं आणि जंतूवर चालणारी गोळी उपलब्ध असली की शिरेतून गोळीवर येता येतं. सिंगापूरमधल्या एका चाचणीत क्लेब्सिएलाच्या गळवावर निवडक रुग्णांना लवकर गोळ्यांवर आणलं, तेव्हा निकाल इंजेक्शनच्या तोडीचे होते. म्हणजे प्रत्येकाला पूर्ण महिनाभर सलाइनची गरज नाही.

सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन दिलं असेल तर दूध, कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची अँटासिड औषधं त्यापासून किमान दोन तास लांब ठेवा, नाहीतर औषध अंगी लागत नाही. या गोळ्यांनी साखर अचानक खाली-वर होते, आणि घोट्यामागची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) दुखू लागली तर गोळी थांबवून लगेच कळवायचं. टीबीची शंका असेल तर ती या गोळ्या सुरू करण्याआधी तपासून घ्यावी, कारण त्या टीबीलाही अर्धवट दाबतात.

७. सुईने पू काढायचा, नळी टाकायची की ऑपरेशन?

आकार पाहून सुरुवात ठरते. ३ सेंटिमीटरपेक्षा लहान गळू बहुधा औषधांवर जातं. ३ ते ५ मध्ये सुईने पू ओढून घेतात आणि गरज पडल्यास पुन्हा ओढतात. ५ च्या वर पिगटेल, म्हणजे पू बाहेर काढत राहणारी, टोकाला वळलेली नळी टाकणं जास्त भरवशाचं, कारण एकदा रिकामी केलेली मोठी पोकळी पुन्हा भरते.

नळीसाठी भूल फक्त त्या जागेपुरती देतात. सोनोग्राफी किंवा सीटीवर पाहत, फुप्फुसाचं आवरण टाळून आणि थोड्या निरोगी यकृतातून सुई पोकळीत नेतात. पू घट्ट असतो, म्हणून नळी पुरेशी रुंद, साधारण ८ ते १४ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) लागते. बारीक नळी टाकली की दोन दिवसांत तुंबते. प्लेटलेट ५०,००० पेक्षा कमी किंवा आयएनआर १.५ पेक्षा जास्त असेल तर आधी ते सुधारायचा प्रयत्न करतात. नळी टाकल्यावर पहिल्या काही तासांत जोराची थंडी वाजू शकते, रक्तदाब पडू शकतो. पोकळी हलवल्याने जंतू रक्तात उतरतात म्हणून हे होतं. नर्सला लगेच सांगा.

गळू पोटात फुटलं, आत बरेच कप्पे असल्याने नळीने रिकामं होईना, किंवा मूळ आजारालाच ऑपरेशन लागणार असेल, तर शस्त्रक्रिया. हल्ली ती बऱ्याचदा दुर्बिणीतून होते. पित्तनलिका अडलेली असेल तर यकृतात नळी टाकून भागत नाही. ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, पित्तनलिकेतला अडथळा मोकळा करेपर्यंत नळीतून पित्त येतच राहतं.

८. नळीसकट घरी सोडलंय. काय काळजी घ्यायची?

पिशवी कायम कमरेच्या खाली ठेवा. चोवीस तासांत किती मिलिलिटर आलं ते रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहा, रंगासकट. शिकवलं असेल तरच ५ ते १० मिलिलिटर निर्जंतुक सलाइन हळू आत सोडायचं. जोर लागला तर थांबायचं, ढकलायचं नाही.

नेहमी होणारी गडबड म्हणजे ड्रेसिंग किंवा फ्लशिंगनंतर नळीवरचा तीन तोंडांचा नळ बंदच राहतो. पिशवीत काहीच येत नसेल तर आधी तो नळ आणि नळीला पडलेली घडी बघा. दोन्ही ठीक असून पू अचानक थांबला आणि ताप आला, तर नळी तुंबली आहे. त्याच दिवशी दाखवा. नळी निसटली तर परत आत घालू नका. लाल रक्त आलं तर लगेच हॉस्पिटल.

रोज १० मिलिलिटरपेक्षा कमी येणं दोन-तीन दिवस टिकलं, ताप नाही आणि सोनोग्राफीत पोकळी आटलेली दिसली, की नळी काढतात.

९. उपचार सुरू होऊन चार दिवस झाले, ताप तसाच आहे. औषध बदलायला हवं का?

औषध बदलण्याआधी पुन्हा स्कॅन हवा. दुसरा कप्पा रिकामा झालेला नसणं किंवा नळी चुकीच्या जागी किंवा तुंबलेली असणं, हीच कारणं जास्त वेळा निघतात. त्यानंतर न जुमानणारा जंतू (प्रश्न ६), मोकळी न केलेली पित्तनलिका, छातीच्या पाण्यात झालेला पू, हृदयाच्या झडपेचा संसर्ग आणि हातावरच्या सलाइनच्या सुईची सूज. यातलं काहीच नसेल तर हे गळूच आहे का, याचा विचार करावा लागतो. आतून सडलेली कर्करोगाची गाठ किंवा टीबी हुबेहूब गळवासारखा दिसू शकतो.

१०. कोर्स संपला, पण सोनोग्राफीत पोकळी अजून दिसतेय.

ताप नाही, भूक परतली आहे, सीआरपी नॉर्मल आहे, तर घाबरायचं कारण नाही. पोकळी भरायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. फक्त स्कॅनसाठी अँटिबायोटिक लांबवायची गरज नसते. पोकळी वाढत असेल किंवा तिच्या भिंतीत घट्ट गाठ दिसत असेल तर मात्र पुढची तपासणी हवी.

११. रिपोर्टमध्ये क्लेब्सिएला आलंय. डोळे तपासून घ्या असं का सांगितलं?

क्लेब्सिएला न्युमोनिए या जंतूचा एक जास्त आक्रमक प्रकार असतो. तो तैवानमध्ये १९८० च्या दशकात ठळकपणे लक्षात आला आणि आता भारतातही दिसतो. तो यकृतातून रक्तावाटे डोळ्यात, मेंदूच्या आवरणात किंवा फुप्फुसात जातो, मधुमेहींमध्ये विशेषतः. डोळा लाल होणं, दुखणं, धूसर दिसणं किंवा डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगणं, यांपैकी काहीही झालं तर काही तासांच्या आत नेत्रतज्ज्ञ हवा. उशीर झाला तर नजर परत येत नाही. तीव्र डोकेदुखी किंवा बरळणं हेही तितकंच तातडीचं.

१२. डायबेटिस आहे. नेहमीच्या गोळ्या चालू ठेवायच्या का?

आजार तीव्र असताना बहुधा इन्सुलिनवर आणतात. खाणं कमी असताना ग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्या, उदाहरणार्थ डॅपाग्लिफ्लोझिन, सुरू ठेवल्या तर साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं. जंतुसंसर्ग तीव्र असताना मेटफॉर्मिनही थांबवतात. गोळ्या केव्हा परत सुरू करायच्या, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

१३. पथ्य काय? तेल, हळद बंद करायची का? दारू?

लिव्हरचा आजार म्हटलं की आपल्याकडे घरोघरी तेल-हळद बंद होते आणि उसाचा रस, ग्लुकोज सुरू होतं. या आजारात त्याचा उपयोग नाही, आणि मधुमेहीला तर नुकसानच आहे. रुग्णाचं अल्ब्युमिन आधीच घसरलेलं असतं. त्याला प्रथिनं हवीत: अंडी, मासे, चिकन, दूध-दही, पनीर, घट्ट वरण, मुगाची किंवा मटकीची उसळ. थोड्या तेलातली, हळद घातलेली भाजी चालते. भूक नसेल तर दोन-दोन तासांनी थोडं थोडं द्या.

मेट्रोनिडॅझोल चालू असताना आणि संपल्यावर किमान तीन दिवस दारू नको. आजारातून पूर्ण बरे होईपर्यंत तर नकोच. या औषधाने तोंडाला धातूसारखी चव येते, लघवी गडद होते, त्याची चिंता नाही. पायांत मुंग्या किंवा बधिरपणा आला तर मात्र सांगा. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन घेत असाल तर आयएनआर जास्त वेळा तपासावं लागतं.

१४. कारण सापडलं नाही. आता कोलोनोस्कोपी करा म्हणतात. लिव्हरसाठी आतडं कशाला?

मोठ्या आतड्यातल्या गाठीवरचा व्रण हा जंतूंना पोर्टल शिरेत शिरायचा दरवाजा ठरतो, आणि गळू हे त्या कर्करोगाचं पहिलं लक्षण असू शकतं. कारण न सापडलेलं गळू, त्यातही क्लेब्सिएलाचं किंवा पन्नाशीपुढच्या माणसाचं, असेल तर बरं झाल्यावर काही आठवड्यांत ही तपासणी करून घ्यावी, असंच आम्ही सांगू. दातही तपासून घ्या.

गळू डाव्या भागात असेल तर आणखी एक शक्यता असते. कोकण-गोव्याकडच्या वाचकांनी ती विशेष लक्षात ठेवावी. गिळलेला माशाचा काटा जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीतून थेट यकृतात घुसतो. काटा गिळल्याचं बहुतेकांना आठवतही नाही. सीटीत बारीक पांढरी रेघ दिसते, ती शोधा असं रेडिओलॉजिस्टला सांगावं लागतं. काटा काढेपर्यंत गळू परत परत भरतं.

१५. आमच्याकडे मेंढ्या आणि कुत्री आहेत. डॉक्टर सुई टोचायला का कचरतात?

कुत्र्यांच्या विष्ठेतून पसरणाऱ्या फीतकृमीमुळे यकृतात हायडॅटिड नावाची पाण्याची गाठ होते. ती तयारीशिवाय टोचली आणि आतला द्रव सांडला तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. म्हणून आधी सोनोग्राफी नीट वाचतात आणि गरज असल्यास रक्ताची तपासणी करतात.

१६. हा आजार घरातल्यांना लागतो का?

जिवाणूंचं गळू लागत नाही. वेगळं ताट, वेगळी खोली काही नको. पू हाताळताना हातमोजे घाला आणि साबणाने हात धुवा. अमिबाची गोष्ट वेगळी, प्रश्न ३ पाहा.

१७. पावसाळ्यात भातशेतीत काम केलं, मधुमेह आहे, आणि लिव्हरबरोबर प्लीहेतही पू आहे. रिपोर्टमध्ये ‘स्यूडोमोनास’ लिहिलंय.

इथे मेलिओयडोसिसचा विचार झालाच पाहिजे. बुर्खोल्डेरिया स्यूडोमालाय हा जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. कर्नाटक आणि केरळच्या किनारपट्टीवर तो ओळखीचा आहे. कोकण-गोव्यातही तो मनात असावा. लॅबमध्ये त्याची गल्लत साध्या स्यूडोमोनासशी होते. नेहमीचं सेफ्ट्रियाक्सोन त्यावर भरवशाचं नाही. सेफ्टाझिडाइम किंवा मेरोपेनेम शिरेतून द्यावं लागतं, आत असं गळू असेल तर साधारण ४ आठवडे, आणि त्यानंतर को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या किमान ३ महिने. शेतीकाम, चिखलात अनवाणी वावर आणि मधुमेह या गोष्टी डॉक्टरांनी लॅबच्या फॉर्मवर लिहाव्यात आणि मायक्रोबायोलॉजिस्टशी थेट बोलावं, म्हणजे जंतूची ओळख पुन्हा तपासली जाते.